ओळखपत्रावरची बाई मीच आहे का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

वय ४९. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहते. घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मीच बघते. नववीत असताना आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. चार वर्षांपूर्वी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसून, दहावी झाले, मग बारावी, आता मुक्त विद्यापीठात बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. त्या नववीतल्या मुलीसाठी शिकतेय असं मी सगळ्यांना सांगत आले. पण मध्यंतरी शाळेतला ग्रुप फोटो सापडला, दोन वेण्या घातलेली ती मुलगी बघून आतून काहीच हललं नाही, कोणा दुसरीचा फोटो बघावा तसं झालं. मग हे कोणासाठी चाललंय? आणि दुसरीकडे धाकटी बहीण म्हणते, 'तू आता पयल्यासारखी ऱवलंस नाय.' पाहुण्यांना किल्ल्याचा इतिहास सांगायला लागले की ती उठून आत जाते. नवरा काहीच बोलत नाही. अभ्यासकेंद्रात ओळखपत्रं वाटत होते तेव्हा माझं नाव तीनदा पुकारलं, माहेरचं नाव होतं, मी बसूनच राहिले, शेजारच्या मुलीनं ढोसलं तेव्हा उठले. मागची मी उरले नाही आणि पुढची कोण होणार ते कळत नाही. इथेच थांबावं का?

*

ताई, ओळखपत्राची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीय, पण मला वाटतं तुमचा सगळा प्रश्न तिथेच आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

राजापूरकडच्या एका गावात मी काही वर्षं संध्याकाळचा साक्षरता वर्ग घ्यायचे. त्यात पासष्टीच्या एक आजी होत्या. सहा-सात महिन्यांत त्या नाव लिहायला शिकल्या आणि मोठ्या हौसेनं बँकेत जाऊन खात्यावर अंगठ्याच्या जागी सहीचा नमुना देऊन आल्या. पुढच्या महिन्यात पैसे काढायला गेल्या तर सही जुळेना. पुन्हा करून दाखवली, ती तिसऱ्याच तऱ्हेची आली, आणि त्यांना परत पाठवलं. त्या संध्याकाळी वर्गात येऊन पाटी न काढता बसून राहिल्या आणि म्हणाल्या, 'अंगठा कधी चुकला नाय गो.' मला तेव्हा काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, मी फक्त पाटी पुढे केली. तुमचं पत्र वाचताना ते वाक्य इतक्या वर्षांनी परत आठवलं, कारण तुम्हीही तेच विचारताय. अंगठा जन्मापासून तसाच असतो, त्यासाठी काही करावं लागत नाही. सही मात्र आधी कुठेच नसते, ती रोज करत करत आपली होते, आणि आपली होईपर्यंत मधले काही महिने असे जातात की अंगठाही नको वाटतो आणि सहीही परकी वाटते. तुम्ही आत्ता त्या मधल्या महिन्यांत आहात.

पॉल रिकर नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं नेमका हाच फरक सांगितलाय. 'तोच' असणं वेगळं आणि 'स्वतः' असणं वेगळं असं तो म्हणतो. दगड तोच राहतो, बोटाचे ठसे तेच राहतात, ही एक ओळख झाली. पण एखाद्यानं शब्द दिला आणि दहा वर्षांनी, स्वभाव बदलला, मतं बदलली, तरी तो पाळला, तर तिथे 'तोच' असण्यापेक्षा वेगळं काहीतरी टिकलेलं असतं, आणि ते आपोआप टिकत नाही, माणूस ते टिकवतो. तुम्ही स्वतःला तपासताय ते सगळं पहिल्या ओळखीच्या मापानं, म्हणजे फोटो जुळतो का, नाव जुळतं का, बहिणीला पहिल्यासारखी वाटते का. त्या मापानं बघितलं तर शिकणारं कोणीही नापासच होणार, कारण शिकणं म्हणजे न जुळणंच.

आता त्या फोटोकडे येऊ. फोटो बघून आतून काही हललं नाही म्हणून ती मुलगी मी नाही, हे तुम्ही गृहीत धरलंय. सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज विचारवंतानं साधारण असंच मांडलं होतं, की माझी जाणीव, माझी आठवण मागे जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत मी. ऐकायला पटतं. पण १७८५ साली थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानं त्यावर एक साधी अडचण काढली. एक म्हातारा सेनापती आहे, त्याला तरुणपणी लढाईत शत्रूचं निशाण पटकावलं ते आठवतंय. त्या तरुण अधिकाऱ्याला लहानपणी बागेतली फळं चोरली म्हणून मार खाल्ला ते आठवत होतं. पण सेनापती झाल्यावर तो मार साफ विसरलाय. मग लॉकच्या हिशोबानं सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही! हे काही बरोबर दिसत नाही. नंतरच्या लोकांनी यातून वाट काढली ती अशी की सलग एकच आठवण हवी असं नाही, एकात एक अडकलेल्या आठवणींची साखळी असली की झालं. आपल्याकडे काथ्याची दोरी वळताना बघितलीच असेल तुम्ही, त्यातला एकही तंतू फार लांब नसतो, वीतभर जेमतेम, पण एकाचं टोक संपायच्या आधी दुसरा त्यात वळला जातो आणि दोरी होडी धरून ठेवते. नववीतल्या मुलीची दप्तराची आठवण पुसट झाली असेल, पण त्या मुलीनं आईच्या आजारपणात चूल सांभाळली, चूल सांभाळणारीनं लग्नानंतर सासरचं घर उभं केलं, घर उभं करणारीनं खोल्या काढल्या, खोल्यांचा हिशोब लिहिता लिहिता तिला वही-पेनाची सवय परत लागली आणि तिनंच एक दिवस १७ नंबरचा फॉर्म भरला. यातला कुठला तंतू मध्येच तुटलाय सांगा बघू.

पण मी एक जरा टोचणारं पण विचारते, राग मानू नका. 'त्या मुलीसाठी शिकतेय' हे वाक्य खरंच तुमचं आहे, की लोकांना सांगायला सोपं म्हणून धरलेलं? आपल्याकडे चाळिशीपुढची बाई वही घेऊन बसली की तिला कारण द्यावं लागतं, अपुरं राहिलेलं स्वप्न म्हटलं की लोक गप्प बसतात, टीव्हीवर पण तसंच दाखवतात. तुम्ही पत्रात दुसरंही लिहिलंय जे मी वर छाटलं, की सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं हे वाचल्यावर तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत पुस्तक खाली ठेवलं नाहीत, ज्या किल्ल्याकडे रोज बघत वाढलो त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नव्हतं म्हणून. ताई, हे त्या नववीतल्या मुलीचं नाही, हे आत्ताच्या तुमचं आहे. तिचं कर्ज फेडायला म्हणून शिकत राहिलात तर एक दिवस पदवी हातात येईल आणि घ्यायला ती मुलगी नसेल, तेव्हा फार रिकामं वाटेल. त्या फोटोनं ते आत्ताच दाखवलं हे माझ्या मते बरंच झालं.

आता पुढची बाजू, म्हणजे 'पुढची कोण होणार'. यावर जुनं आणि आपल्याकडचंच एक बोलणं आहे, मिलिंदप्रश्न या जुन्या बौद्ध ग्रंथातलं, मिनँडर हा ग्रीक राजा आणि नागसेन भिक्षू यांच्यातलं, आणि मला ते वयस्क शिक्षणाच्या संदर्भात कायम आठवतं कारण त्यात चक्क शिकण्याचंच उदाहरण आहे. राजा विचारतो, जन्मलेला माणूस मोठा झाल्यावर तोच राहतो की दुसरा होतो? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. राजा म्हणतो, असं कसं, लहानपणीचा मी निराळा आणि आत्ताचा मी निराळा. त्यावर नागसेन विचारतो, मग तान्ह्या बाळाची आई वेगळी आणि मोठ्या झालेल्याची आई वेगळी का? विद्या शिकतो तो एक आणि शिकून तयार होतो तो दुसराच का? आणि मग दिव्याचं उदाहरण देतो, रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहरातली, मधल्या प्रहरातली आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसते, पण म्हणून रात्रीत तीन वेगळे दिवे जळले असंही कोणी म्हणत नाही. नागसेन आत न बदलणारा आत्मा आहे असं मानत नाही, आणि गीता नेमकी ते मानते, तरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही बालपण, तारुण्य, म्हातारपण एकाच देहधाऱ्याला येतं आणि धीर असलेला त्यानं गोंधळत नाही असंच आहे. एरवी एकमेकांना छेद देणारी ही दोन मतं, पण वाढलं म्हणून माणूस परका होत नाही यावर दोघांचं एकमत.

अगदी अलीकडे, १९८४ साली, डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञानं तर सरळ म्हटलं की मी तीच व्यक्ती आहे की नाही या प्रश्नाला आपण उगाच एवढं महत्त्व देतो, महत्त्वाचे आहेत ते धागे, म्हणजे आठवणी, इरादे, माया, सवयी, आणि ते कमीजास्त असू शकतात, हो किंवा नाही असा त्यात निकाल नसतो. मला हे पूर्ण पटत नाही, कारण कोर्टात, रेशनकार्डावर आणि लेकराच्या तोंडी 'आई' म्हणून आपल्याला हो-नाही उत्तर द्यावंच लागतं, पण तुमच्यासाठी त्यातलं एक घेण्यासारखं आहे. 'मी मीच राहीन का' असं विचारण्याऐवजी 'कुठले धागे मला पुढे न्यायचेत आणि कुठले सोडायचेत' असं विचारा, हा प्रश्न तुमच्या हातातला आहे.

आणि जे तुम्हाला होतंय ते एकट्या तुम्हाला होतंय असं नाही. अमेरिकेत जॅक मेझिरो म्हणून वयस्क शिक्षणाचे अभ्यासक होते, त्यांनी १९७८ साली, मधली वर्षं घरसंसारात गेल्यावर पुन्हा कॉलेजला आलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या लक्षात आलं की या बायका नुसते विषय शिकत नाहीयेत, स्वतःकडे बघायची त्यांची चौकटच हलतेय. त्यांनी या बदलाचे दहा टप्पे मांडले, पहिला टप्पा म्हणजे जमीन पायाखालून सरकल्यासारखं होणं, मध्ये एक टप्पा असा की आपल्यासारखं इतरांनाही होतंय हे कळणं, आणि शेवटचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे बदललेली नजर घेऊन आपल्याच आयुष्यात परत नांदायला लागणं. परत येणं हा त्याचाच भाग आहे. तुम्ही तिथपर्यंत पोचायच्या आधीच, मधल्या डुगडुगत्या पायरीवर उभं राहून थांबू का विचारताय.

लांब अमेरिकेत कशाला जायचं म्हणा, देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. लहान वयात विधवा झाल्या, पदरात मुलगा, मग पुण्याला येऊन शिकल्या, कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव निधी मागत फिरल्या, आणि पुढे इंग्रजी शिकायचं म्हणून एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. देवरुखच्या घरातली ती सोवळी बाई आणि परदेशात मोडक्या इंग्रजीत बोलणारी बाई शेजारी उभ्या केल्या तर ढोबळ नजरेला काही जुळणार नाही. पण त्यांनी आपली कहाणी स्वतः सांगून ठेवली, आणि ती सांगताना 'मी' हा शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत एकीलाच उद्देशून वापरलाय. ते जुळवणं दुसऱ्या कोणाला करता आलं नसतं.

तर हे एक करा. अभ्यासाच्या वहीत नको, वेगळ्या वहीत, तुमची हकीकत लिहा, मालवणीतच लिहा. शाळा सुटली तो दिवस, पहिला पाहुणा आला तो दिवस, दहावीचा निकाल लागला तो दिवस, आणि मध्ये काय काय धरून ठेवलंत ते. छापायला नाही, कोणाला दाखवायला पण नाही. नववीतून पुढे आत्तापर्यंत एका हातानं लिहून काढलं की फोटोबद्दलचं ते परकेपण बऱ्यापैकी ओसरतं, मी वर्गातल्या बायकांमध्ये बघितलंय.

बहिणीचं मात्र तत्त्वज्ञानानं सुटायचं नाही. ती म्हणते पहिल्यासारखी राहिली नाहीस, ते तुम्ही फार मोठ्या अर्थानं घेतलंय असं मला वाटतं. तुम्हीच लिहिलंय की पूर्वी एप्रिल-मेमध्ये दोघी दुपारी मिळून आमसुलं घालायच्या, सोलं रसात बुडवून वाळवायची, बोलत बसायचं, आता त्या वेळेला तुम्ही खोलीचं दार लावून वाचता. मग ती बदल कशाला म्हणतेय? तिची दुपार गेलीय. आणि पाहुण्यांसमोर तुम्ही पुस्तकी मराठी बोलता तेव्हा तिला वाटत असणार की आता हिला आपली बोली कमी वाटते. हे तुम्ही खरंच तपासा, कारण शिकताना हे होतं, 'अशुद्ध' हा शब्द कुठून तरी डोक्यात शिरतो आणि आपण आपल्याच माणसांच्या बोलण्यात चुका काढायला लागतो. तसं झालं असेल तर बहिणीचं म्हणणं बरोबर आहे, आणि तो धागा तुटू देऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. आठवड्यातल्या दोन दुपारी तिच्या नावावर करा, वाचन सकाळी पाहुण्यांचे नाश्ते झाल्यावर किंवा रात्री. आणि किल्ल्याची गोष्ट पाहुण्यांच्या आधी तिला सांगा, मालवणीत सांगा. किल्ला तिचाही आहेच की.

नवरा गप्प आहे म्हणजे विरोध आहे हे पण तुमचं गृहीतच आहे. कोकणातले पुरुष कौतुक वाटलं तरी गप्पच असतात, भीती वाटली तरी गप्पच असतात, त्यामुळे गप्प बसण्यावरून काही ओळखता येत नाही. थेट विचारा. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकाचं आणि पाहुण्यांचं कोण बघणार हा प्रश्न काढा, त्यातून त्यांच्या मनातलं बाहेर येईल.

थांबण्याबद्दल. थांबणं म्हणजे हरणं नव्हे, मे महिन्यात आणि गणपतीत तुमचा धंद्याचा सीझन असतो, त्या काळात अभ्यास बाजूला पडला तर काही बिघडत नाही, मुक्त शिक्षण त्यासाठीच असतं, रोजच्या हजेरीची सक्ती नसते. एखादा पेपर पुढे ढकलायचा असेल तर अभ्यासकेंद्रात नियम विचारून घ्या. पण बहीण काय म्हणते, फोटो काय म्हणतो म्हणून थांबू नका. आणि वर्गात गप्प राहू नका. माल्कम नोल्स या वयस्क शिक्षणातल्या जाणकारानं म्हटलंय त्याचा आशय असा की मुलांच्या बाबतीत अनुभव म्हणजे त्यांना घडलेली गोष्ट असते, मोठ्या माणसाच्या बाबतीत अनुभव म्हणजे तो माणूसच असतो, म्हणून वर्गानं अनुभव बाजूला सारला की माणसालाच बाजूला सारल्यासारखं वाटतं. अर्थशास्त्रात मागणी-पुरवठा आला की तुमच्या खोल्यांचे डिसेंबरचे आणि जुलैचे दर सांगा की वर्गात, विशीतल्या पोरांना ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल आणि तुम्हालाही कळेल की तुम्ही रिकाम्या हातानं आलेल्या नाही आहात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, विशेषतः ज्यांचा अजून फॉर्मच भरायचाय त्यांच्यासाठी. राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो आधी शोधून ठेवा, जुन्या शाळेत नोंद असतेच. हे सगळं एका दमात झेपणार नाही असं वाटत असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा मार्ग आहे, दहावीला किमान वय १४ आणि वर मर्यादा नाही, एकदा प्रवेश घेतला की ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा राहतो, मराठी माध्यम पण आहे. सीझनवर पोट असलेल्यांना, बोटीवर जाणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. रिटायर होऊन गावी परत आलेले चाकरमानी पण मला लिहितात, नोकरी गेली की मी कोण हेच कळत नाही म्हणून, त्यांनाही माझं हेच सांगणं की आधी काय शिकायचं ते ठरवा, कोण व्हायचं ते शिकता शिकता कळेल.

राहिलं नाव. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, हा घोळ शिक्षणात परत आलेल्या जवळपास प्रत्येक बाईचा होतो. तुमच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावानं आहेत म्हणून विद्यापीठानं तेच धरलं. पदवीवर सासरचं हवं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद या दोन कागदांची तयारी आत्ताच करा, शेवटच्या वर्षी धावपळ नको, आणि परीक्षा अर्ज भरायच्या आधी सगळीकडे स्पेलिंगसकट नाव एकच आहे ना ते अभ्यासकेंद्रात बसून तपासून घ्या. माहेरचंच ठेवायचं असेल तरी काही हरकत नाही, फक्त विवाह दाखल्याची झेरॉक्स फाइलमध्ये असू द्या. कुठलं ठेवायचं हे मी सांगणार नाही. तीस वर्षांत तुम्हाला त्या नावानं कोणी हाक मारली नाही म्हणून तुम्ही उठला नाहीत, एवढंच झालंय. दोन-तीन दिवस बहिणीला सांगा त्या नावानं हाक मारायला, तिला ते माहेरचं म्हणून जवळचंच असेल.

आमच्या त्या आजींनी रोज एक पान सह्या केल्या, तिसऱ्या महिन्यात बँकेत जुळली. तुम्हीही घाई करू नका. पुढच्या वेळी हॉल तिकीट वाटताना नाव पुकारतील तेव्हा उठायला जरा वेळ लागला तर लागू दे, केंद्रावर तीनदा पुकारतातच.